एकोणतीस गुणांची हार्डडिस्क

माझ्या लेकीचं ठरलेलं लग्न एक अख्खी रात्र आमच्या फ्रिजमध्ये होतं. स्टीलच्या डब्यात, कोथिंबिरीच्या जुडीला टेकून. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस असं वाक्य सहजासहजी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर खाली साहेबांची सही घेतो. इथं सही करायला कुणी तयार नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

सेलूत माझं बन्सीधर हे नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं आहे. बाकी गाव मला 'गुणवाले काका' म्हणतं. वीस वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यात पत्रिका जुळवायचा एक प्रोग्राम होता. मुलाची जन्मतारीख, वेळ आणि गाव टाकायचं, मग मुलीचं टाकायचं आणि 'जुळवा' असं लिहिलेलं बटण दाबायचं. एक चक्र फिरतं आणि छत्तीसपैकी किती गुण जुळले ते पडद्यावर येतं. मी ज्योतिषी नाही. राहू कोणत्या घरात राहतो आणि केतू कुठं भाड्यानं राहतो, हे मला आजही सांगता येणार नाही. पण बटण दाबण्याआधी मी चष्मा काढून क्षणभर डोळे मिटायचो, आणि तेवढ्यावर लोकांचा विश्वास बसला. एकशे चौदा लग्नं त्या मशीनवर जमली. कुणाकडून एक पैसा घेतला नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा आमच्याच घरचा, हे माझी बायको राजेश्री अजून ऐकवते.

त्याच मशीनवर मी माझ्या पंकजाचे आणि सोनपेठच्या बालाजीचे गुण जुळवले. पंकजा पाथरीला एका बँकेत आहे, बालाजी शाळेवर शिक्षक. गुण आले एकोणतीस. मुलाच्या वडिलांना, आबासाहेबांना, मी स्वतः फोन करून आकडा कळवला आणि तो दोनदा कळवला. पुढच्या रविवारी कुंकवाचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा कार्यक्रम ठरला. पोरं एकमेकांशी बोलायला लागली होती. पंकजा संध्याकाळी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जायची ती तासाभरानं दोन टॉवेल घेऊन उतरायची. बाप म्हणून मी तिकडं दुर्लक्ष करत होतो आणि मनातून फार खुश होतो.

सोमवारी सकाळी धुरपदाबाईंचा फोन आला. धुरपदाबाई म्हणजे आबासाहेबांची थोरली बहीण. त्या घरात आबासाहेब बोलतात आणि धुरपदाबाई ठरवतात.

"इव्हाई," त्या म्हणाल्या, "आमच्या सुनंनं मोबाइलवर बघितलं. अकराच गुण यायलेत. अठराच्या खाली आमच्यात करीत न्हाईत."

"मोबाइलचं काय धरता आत्याबाई? आमचं मशीन वीस वर्षांचं आहे."

"म्हणूनच म्हणायले. ज्या मशीननं एकोणतीस सांगितले त्याच मशीनचा कागद दावा. कागद न्हाई तर कुंकू न्हाई."

आता गंमत बघा. परक्यांना मी अगदी ठसठशीत कागद काढून द्यायचो. स्वतःच्या लेकीचा काढला नव्हता. घरच्या माणसाला कशाला कागद, असं मला वाटलं होतं. पण त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, मशीनमध्ये सगळं साठवलेलं होतं. मी हात-पाय धुऊन मशीनसमोर बसलो आणि बटण दाबलं. आतून 'टप्' असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

"दूध उतू गेलं का काय?" राजेश्रीनं स्वयंपाकघरातून विचारलं.  वीस वर्षं कधी तक्रार न करता चाललेलं मशीन त्या दिवशी, त्या मिनिटाला गेलं होतं.

आमचे शेजारी राधाकिशनराव येलदरीच्या जलविद्युत केंद्रातून निवृत्त झालेले आहेत. त्यामुळे आमच्या गल्लीत पंख्यापासून मिक्सरपर्यंत काहीही बिघडलं की ते न बोलावता टेस्टर घेऊन येतात. धरणातून वीज काढलेल्या माणसाला घरगुती वीज म्हणजे किरकोळ, असा त्यांचा एकूण आविर्भाव असतो. त्यांनी मशीनचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, आणि आम्हा दोघांनाही बराच वेळ खोकला आला.

"खालचं सगळं जळालंय," ते म्हणाले. "पण हार्डडिस्क जित्ती असंल. समदं तिच्यातच असतंय. तिला भाईर काढा, यूएसबीच्या डबीत घाला अन् तुमच्या नव्या लॅपटॉपला वायरनं जोडा. जुनी विंडोज भाईरून चालती. बिलकुल फिकीर करू नका."

नवा लॅपटॉप मला पंकजानं दिवाळीत दिला होता. तिचा मान राखायचा म्हणून मी तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला होता. तो काढला, बाजारातून डबी आणली, हार्डडिस्क तिच्यात बसवली आणि वायर जोडली. माझे सगळे फोल्डर दिसले, तेव्हा मला गहिवरून आलं. पत्रिकेचा प्रोग्राम उघडायला गेलो तर लॅपटॉप म्हणाला की हा प्रोग्राम तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. लॅपटॉप बंद करून बाहेरच्या डिस्कवरून सुरू करायचा प्रयत्न केला, तर त्यानं तिची दखलच घेतली नाही. मोठ्या पगारावर लागलेला जावई जुन्या सासऱ्याकडं बघतो तसा तो बघत राहिला.

त्या संध्याकाळी पंकजा गच्चीवर गेली नाही. माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, तेवढा कागद मिळेल ना?" पहिलीत असताना दप्तर मागायची त्याच आवाजात. त्यानंतर मी मशीनच्या बाबतीत थट्टा करणं सोडून दिलं.

मंगळवारी मी बसस्टँडजवळच्या सेवा केंद्रात गेलो. ते शिवकन्या नावाची एक बाई चालवते. चाळिशीची, कमी बोलणारी, आणि तालुक्यात मशीनमधलं सगळ्यात जास्त तिलाच कळतं, असं खुद्द राधाकिशनरावांनी एकदा कबूल केलं होतं. पीक विम्याची मुदत जवळ आलेली, त्यामुळे केंद्रावर ही गर्दी. नंबर घ्यावा लागला. वहीत नाव, गाव आणि कामाचं स्वरूप लिहायचं होतं. माझ्या आधी बासष्ट जणांनी 'सोयाबीन' लिहिलं होतं. मी बराच विचार करून 'लेकीचं लग्न' लिहिलं.

माझ्यापुढं उभे असलेले लिंबाजी नावाचे एक गृहस्थ वालूरचे होते. त्यांनी वही वाचली. "लग्नाचा बी विमा निघायला का आता?" त्यांनी विचारलं आणि सगळी रांग माझ्याकडं वळली. मी खुलासा केला. खुलासा संपेपर्यंत रांगेतल्या प्रत्येकाकडं एक उपाय तयार होता. कुणी म्हणालं डिस्कला ऊन दाखवा, कुणी म्हणालं धुरपदाबाईंना साडी घ्या. लिंबाजींनी तर अकरा आणि एकोणतीस मिळवून दोननं भागले आणि "वीस पडतेत की, करून टाका" असा निकाल दिला.

चार तासांनी शिवकन्यानं माझी डबी हातात घेतली.

"काका, तुमचा लॅपटॉप लय नवा हाय. तो एवढ्या जुन्या विंडोजला उठवीत न्हाई. जुनं मशीन पायजे. माझ्याकडं एक हाय, आंगठ्याचं यंत्र त्याच्यावरच चालतंय म्हणून ठिवलंय."

तिनं तो जुना लॅपटॉप काढला आणि डिस्क जोडली. पडद्यावर ओळखीची खूण उमटली, खालची पट्टी सरकायला लागली. माझ्या तोंडून "वा!" निघालं आणि तेवढ्यात सगळा पडदा निळा पडला. वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीतून माझी चूक लिहिलेली होती.

"ह्या विंडोजला आतल्या डिस्कची सवय हाय," शिवकन्या म्हणाली. "आता ती भाईर वायरीवर आलीय. अर्ध्यात उठती अन् तिला तिचीच डिस्क सापडत न्हाई. तिच्या आतली सेटिंग बदलावी लागती, म्हंजे यूएसबी आधी जागी व्हती. आज गर्दी हाय, दोन दिसांनी आणा. अन् डिस्क लय तापायली, सांभाळून न्या."

डिस्क तापते हे मी राधाकिशनरावांना सांगायला नको होतं. "मग थंड करा की!" ते म्हणाले. "आमच्याकडं येलदरीला मोठमोठी यंत्रं थंड ठिवायला निस्तं पाणी फिरवायचे. हिला पाणी चालत न्हाई, मग फ्रिज." त्यांच्या बोलण्यात तीस वर्षांची नोकरी होती. मी डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली, राजेश्रीच्या स्टीलच्या डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये ठेवली. बुधवारी रात्री लेकीचं लग्न कुठं होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

गुरुवारी सकाळी डबा फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवला, अंघोळ उरकली आणि तो पिशवीत घालून मी सेवा केंद्रात गेलो. रांगेतले लोक आता मला ओळखत होते, त्यांनी मला पुढं जाऊ दिलं. मी सगळ्यांसमक्ष मोठ्या गांभीर्यानं डबा उघडला. आत दोन भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा.

"काका, हे कुठं जोडू?" शिवकन्यानं विचारलं. ती हसली नाही, हे मी तिच्या बाजूनं मुद्दाम नमूद करतो. रांग मात्र हसली. आमच्या घरातल्या सगळ्या डब्यांवर एकच नाव कोरलेलं आहे, ते म्हणजे राजेश्रीच्या मामांचं, ही गोष्ट मी त्या क्षणापर्यंत कौतुकानं सांगत असे.

दीड वाजता पंकजाचा फोन आला. "पप्पा, मी जेवायला बसले. डब्यात हार्डडिस्क आहे." तिच्यासोबतच्या बायका मागं हसत असाव्यात, पण ती हसत नव्हती. "मी ती मांडीवर घेऊन येते. हलू देत नाही." आणि खरोखरच पाथरी ते सेलू पोरीनं ती डिस्क एसटीत मांडीवर धरून आणली. मी उतरवून घ्यायला बसस्टँडवर उभा होतो. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "भाकरी तरी खाल्ली का तुम्ही?"

शुक्रवारी शिवकन्यानं सेटिंग बदलायला डिस्क ठेवून घेतली. शनिवारी सकाळी फोन वाजला. धुरपदाबाई निघाल्या होत्या. कागदाची वाट बघायचा त्यांना कंटाळा आला होता, आणि आबासाहेबांना घेऊन त्या स्वतःच मशीनला भेटायला येत होत्या. मी केंद्राकडं धावलो. सुदैवानं त्या दिवशी सर्व्हर बंद होता. एरवी सर्व्हर बंद पडला की मी फार कडक पत्रं लिहितो. त्या दिवशी मी हात जोडले. शिवकन्या तिचा लॅपटॉप आणि माझी डिस्क घेऊन रिक्षानं आमच्या घरी आली.

अकरा वाजता बैठकीच्या खोलीत सगळे जमले. टीपॉयवर जुना लॅपटॉप, त्याला वायरनं जोडलेली डबी. वायर ढिली होती, ती एका विशिष्ट कोनात धरली तरच डिस्क दिसायची, आणि ते काम राधाकिशनरावांनी आपण होऊन घेतलं. ते टीपॉयशेजारी उकिडवे बसले आणि श्वास रोखून वायर धरून राहिले. धुरपदाबाई समोरच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, चष्म्याच्या काचा पुसून तयार. पंकजा दारात उभी.

शिवकन्यानं बटण दाबलं. खूण उमटली. पट्टी सरकली. आबासाहेब काही बोलायला गेले तर धुरपदाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. पट्टी आणखी सरकली, पडदा काळा झाला, आणि मग ती जुनी, ओळखीची धून वाजली. मागं माझं हिरव्या माळाचं चित्र, डाव्या बाजूला माझे सगळे फोल्डर. मी शिवकन्याला मुलगी म्हणालो. राधाकिशनरावांना भाऊ म्हणालो. मग डोळे पुसून प्रोग्राम उघडला.

पंकजा आणि बालाजी. छत्तीसपैकी एकोणतीस.

"दिसले का आत्याबाई?" मी म्हणालो. मान ताठ झाली होती, ती लपवावी असं मला वाटलं नाही. जुना प्रिंटर या विंडोजनं लगेच ओळखला. काळी शाई वाळलेली होती, म्हणून कागद गुलाबी अक्षरांत निघाला. धुरपदाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"ही तारीख कुणाची?" त्यांनी विचारलं.

"बालाजीची. एक जून. आबासाहेबांनीच पाठवलेली आहे."

"बालाजी दिवाळीच्या पाडव्याला झालाय! मी व्हते की बाळंतपणाला. दारात पणत्या लावायलो अन् हिकडं भावजयीच्या पोटात दुखायलंय." त्या भावाकडं वळल्या. "आबा, एक जून काय रे?"

आबासाहेब खाली बघायला लागले. "शाळंत घालताना पाच महिने कमी भरत व्हते. गुर्जीनं एक जून टाकली. समद्यांचीच टाकायचे."

धुरपदाबाईंचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. "अन् पोरीची बी एक जून?"

 पंकजाला शाळेत घालताना दोन महिने कमी पडत होते. महारुद्र गुरुजींनी विचारलं, 'एक जून करू का?' आणि मी स्वतः सही केली. नंतर दाखला, फॉर्म, ओळखपत्र, सगळीकडं तीच तारीख लिहीत गेलो आणि लिहिता लिहिता मला ती खरी वाटायला लागली. वेळेच्या रकान्यात काय टाकावं ते न कळून मी साडेदहा टाकली होती. ऑफिसची वेळ.

"पोरगी नागपंचमीची हाय," राजेश्री दारातून म्हणाली. "आत्याबाईंनी फोनवर इचारलं तवा मी तीच सांगितली."

नागपंचमीला आमच्याकडं दर वर्षी पुरण असतं. मी ते सणाचं समजून सत्तावीस वर्षं खात आलो होतो. आणि दर एक जूनला मी मोठ्या हौसेनं पेढे आणायचो. मी पंकजाकडं बघितलं. "अगं, मग तू कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढे पेढे आणायचात," ती म्हणाली. "मग मी खायचे."

मला फार लाज वाटली. एकशे चौदा घरांच्या तारखा विचारल्या, पण घरातली विचारली नाही. आणि आता ते सगळं बाजूला राहून पोरीचं लग्न मोडणार होतं, माझ्याच मशीनवर, माझ्याच सहीनं.  राधाकिशनराव वायर धरून तसेच बसून होते.

"ह्याच्यात बाकीची लग्नं दिसतेत का?" धुरपदाबाईंनी विचारलं. शिवकन्यानं यादी उघडली. वर, वधू, तारखा. ती खाली खाली सरकवत गेली, आणि एक जून, एक जून, एक जून, पडद्यावर दुसरं काही येईचना. मधूनच एखादी एक जानेवारी. मी माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षांचं पुण्य वाहून जाताना बघत होतो.

"ह्यातली मोडली किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण कारकुनाला विचारलेल्या आकड्याचं उत्तर द्यायची खोड असते. "एक."

"त्यांची तारीख काय व्हती?"

शिवकन्यानं शोधून काढली. नवरा सतरा फेब्रुवारी, नवरी नऊ ऑक्टोबर. "दोघांच्या बी दवाखान्यातल्या तारखा हायेत," ती म्हणाली. "मिनिटासकट. खऱ्या."

धुरपदाबाईंनी पडद्याकडं बघितलं. मग यादीकडं, मग पंकजाकडं. नंतर त्यांनी तो गुलाबी कागद चार घड्या घालून पिशवीत ठेवला.

"खऱ्या तारखेच्या नादाला लागायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "आमाला एक जून मंजूर हाय. उद्या कुंकू. पोरी, हिकडं ये, चा कर म्हणत न्हाई, जवळ बस."

आबासाहेबांनी असा सुस्कारा सोडला की राधाकिशनराव दचकले. पण त्यांनी वायर सोडली नाही, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त.

दुपारी पाहुणे जेवून गेले. शिवकन्या लॅपटॉप सोमवारी न्यायला येते म्हणाली. पंकजा कपडे आणायला गच्चीवर गेली, गच्चीवर त्या दिवशी एकही कपडा वाळत नव्हता. मी मशीनसमोर एकटा बसलो होतो, डाव्या हातानं वायर धरून. एकशे चौदा अधिक एक. आणि माझ्या लक्षात आलं की आमच्या दोघांचे गुण मी कधी बघितलेच नाहीत. मी वराच्या रकान्यात माझं नाव टाकलं. तारीख एक जून, अर्थातच. वधूच्या रकान्यात राजेश्री लिहिलं आणि थांबलो.

"अगं," मी हाक मारली, "तुझी जन्मतारीख कोणती गं?"

एकतीस वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"मला काय ठाऊक?" राजेश्री म्हणाली. "आई म्हणायची, हुरडा चालू व्हता. काऊन?"

मी रकान्याकडं बघितलं. त्यात दिवस, महिना, साल एवढंच बसत होतं. "काही नाही. जुळवून बघतोय."

"मग टाका की एक जून. इतके दिस काय बिघडलंय?"

मी एक जून टाकली. सवयीनं चष्मा काढला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं, आणि डोळे मिटताना माझा हात बहुधा हलला असावा, कारण चष्मा लावून बघतो तो सगळा पडदा निळा. डबीतून कर्रर्र आवाज आला आणि बंद झाला. मी वायर खाली केली, वर केली, डबीला कान लावला. काहीच नाही. डिस्क गेली होती.

"किती आले ओ?" आतून आवाज आला.

मी निळ्या पडद्याकडं बघत म्हणालो, "छत्तीस."

"व्हय का," राजेश्री म्हणाली. "बरं, या. तुमच्या भाकरीवर तूप घातलंय, निवायलंय."